नऊ मिनिटांची सभा

जनेलबाई हॉवलंड उभ्यानं जेवत. बसून जेवायला वेळ जातो, आणि बसलेल्या माणसापाशी दुसरा माणूस येऊन बसतो, असा त्यांचा अनुभव होता. अल्डर लेक गावाच्या रस्ते खात्याच्या त्या नव्या प्रमुख. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं अर्धं त्या स्वतःच पुरं करून देत, तेवढाच बिचाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून. आता ते वाक्य त्याला तसं संपवायचंच नसे, ही गोष्ट वेगळी. पण उत्तर मिनेसोटात साहेबाच्या तोंडावर 'मला तसं म्हणायचं नव्हतं' म्हणायची रीत नाही. लोक 'हो, तसंही असेल' म्हणत, टोपी कानांवर ओढत आणि निघून जात. त्यामुळे आपल्याला माणसं चटकन कळतात, अशी बाईंची ठाम समजूत होती.

त्यांचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे ऑक्टोबरची सभा. दर ऑक्टोबरात खात्याचे अकरा चालक आपापला हिवाळ्याचा रस्ता निवडतात, म्हणजे बर्फ पडलं की कोणी कुठला भाग साफ करायचा ते ठरतं. नोकरीत जो जुना, त्याची निवड आधी. बाईंच्या आधीचे साहेब ही सभा दोन तास चालवत. कॉफी व्हायची, लिंबाच्या वड्या व्हायच्या, 'आधी तुम्ही', 'छे, आधी तुम्ही' व्हायचं. यंदा बाईंनी कॉफीच बंद केली, यादी हातात घेतली आणि सभा नऊ मिनिटांत उरकली. हा किस्सा त्यांनी जिल्ह्याच्या दोन मेळाव्यांत सांगितला होता आणि दोन्हीकडे टाळ्या घेतल्या होत्या.

जानेवारीतल्या एका सोमवारी त्यांच्या टेबलावर एक चिठ्ठी आली. अर्विड स्कोग्लुंड, वय बासष्ट, नोकरी चौतीस वर्षं. 'शुक्रवारी माझा शेवटचा दिवस. कारण, काही विशेष नाही.'

शनिवारी वादळ येणार होतं. साधंसुधं नव्हे, दीड फूट बर्फाचं. आणि गावातला शाळेचा चढ साफ करायला दोन बर्फगाड्या लागतात, एक पुढे आणि एक तिरकी मागे. पुढच्या गाडीनं लोटलेलं बर्फ मागचीनं कडेला न्यायचं, आणि दोघांनी रेडिओवर सतत बोलत राहायचं. पुढे अर्विड असे, मागे मॅरिबेल कांतू. नोव्हेंबरपासून ही जोडी एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हती. परिणामी चढाच्या मधोमध कमरेइतका बर्फाचा बांध राही, आणि नाताळच्या आठवड्यात एका नगरसेवकांची मोटार त्या बांधावर पोटावर पडून चारी चाकं फिरवत होती. आता अर्विडच गेला तर शनिवारी चढ बंद, म्हणजे सोमवारी शाळा बंद, आणि वरच्या वस्तीला रुग्णवाहिकाही बंद. दुसरा कोणी तो चढ कधी उतरलेलाच नव्हता.

बाई डगमगल्या नाहीत. 'दोन माणसांचं भांडण,' त्या स्वतःशी म्हणाल्या, 'पंधरा मिनिटं पुरे.'

"बसा अर्विड. काय बिनसलंय तुमचं आणि मॅरिबेलचं?" त्यांनी उभ्यानंच विचारलं.

"काही नाही हो."

"मग नोकरी का सोडताय?"

अर्विडनं टोपी गुडघ्यावर ठेवली, उचलली, परत ठेवली. "वय झालं," तो म्हणाला. "आणि आमच्या जेवणाच्या खोलीत गारठाही फार असतो हल्ली."

आता या भागात ज्याला मनातलं सांगायचं असतं तो हवेपासून सुरुवात करतो. हवेवरून गाडी माशांवर येते, माशांवरून कोणाच्या तरी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर, आणि मग कुठे मूळ मुद्दा. नमनाला घडाभर तेल खरं, पण तेल संपेपर्यंत बसणाऱ्याला नमन ऐकायला मिळतं. बाई पहिल्याच थांब्यावर उतरल्या.

"गारठा! एवढंच ना? आधी नाही का सांगायचं!" त्यांनी लगेच फोन लावून जेवणाच्या खोलीसाठी एक दणदणीत हीटर मागवला. अर्विड 'हो, तसंही असेल' म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला. सहा मिनिटं लागली होती. उरलेल्या नऊ मिनिटांत त्यांनी मॅरिबेलला गाठलं.

मॅरिबेल टेक्सासातल्या लारेडोची. तीन वर्षांपूर्वी इथे आलेली, वयानं पस्तिशीची, आणि बोलण्यात आडपडदा नाही. "बॉस, ते माझ्याशी बोलतच नाहीत. मी तोंडावर विचारलं, माझं काही चुकलं का? तर 'छे छे' म्हणाले आणि मलाच दार उघडून धरलं! आमच्याकडे माणूस चिडला की शेजारच्या तीन घरांना कळतं. इथे चिडलेला माणूस जास्तच गोड वागतो. कसं ओळखायचं माणसानं? मला वाटतं, मी बाहेरची आहे म्हणून..."

"म्हणून तुलाही गारठा जास्त लागतो," बाईंनी वाक्य पुरं केलं. "हीटर येतोय!"

हीटर आला. मंगळवारी पहाटे बाहेर उणे एकतीस असताना तो सुरू झाला, आणि त्यानं एकट्यानं एवढी वीज ओढली की आवारातला फ्यूज उडाला. याच फ्यूजवर अकरा बर्फगाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून रात्रभर विजेवर ऊबदार ठेवलेली असतात. त्यांतल्या नऊ सकाळी सुरू झाल्या नाहीत. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती! अकरा चालक गरम खोलीत बसून खिडकीतून थंड गाड्यांकडे पाहत होते. "खोली मात्र छान झाली," अर्विड म्हणाला. तो टोमणा होता, पण बाईंनी ती शाबासकी समजून घेतली.

दुपारी त्या नगरपालिकेच्या मनुष्यबळ खात्यात गेल्या. तिथे कॉर्डेल पीट्स नावाचे गृहस्थ बसत. त्यांच्याकडे प्रत्येक दुःखासाठी एक अर्ज होता.

"वाद मिटवायला मध्यस्थ देता येईल," कॉर्डेल म्हणाले, "पण अर्ज क्रमांक चौदा भरायला हवा. 'आमच्यात वाद आहे' असं दोन्ही बाजूंनी सही करून मान्य करायचं."

बाई अर्ज घेऊन धावत परत आल्या. अर्विडनं तो दोनदा वाचला. "वाद? छे! आमच्यात कसला आलाय वाद?" मॅरिबेलनं अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. "ते नाही म्हणतात आणि मी हो म्हणू? म्हणजे उद्या सगळे म्हणायला मोकळे, बाहेरची बाई येऊन भांडणं काढते!"

कॉर्डेलनी कोरा अर्ज परत घेतला. "मग कागदोपत्री तुमच्याकडे वादच नाही," ते म्हणाले. "अभिनंदन." आणि मग खालच्या खणातून आणखी एक कागद काढला. वादाची नुसती चौकशी केली तरी खातेप्रमुखांना 'ऐकण्याची कला' हा चाळीस मिनिटांचा चित्रफितीचा अभ्यासक्रम सक्तीचा होता.

बाईंनी तो बुधवारी सकाळी दुप्पट वेगानं पाहिला. चित्रफितीतले शांत आवाजाचे गुरुजी त्यामुळे खारीसारखे चिरकत होते. 'आता एक मिनिट काहीही न करता बसा,' असं ते चिरकले, तेव्हा त्या अर्ध्या मिनिटात बाईंनी चार पत्रांची उत्तरं धाडली. शेवटी प्रमाणपत्र आलं. त्यांनी ते छापून भिंतीवर लावलं. ते जरा तिरकं लागलं होतं, पण सरळ करायला वेळ नव्हता.

बुधवारी संध्याकाळी घरासमोरचं बर्फ उपसताना पलीकडच्या लॉरेनबाईंनी फावडं टेकलं. लॉरेनबाई एकतीस वर्षं बालवाडीच्या शिक्षिका होत्या आणि सगळं जग त्यांना अजून पाच वर्षांचंच वाटे.

"अगं जनेल, तोंड का उतरलंय?"

बाईंनी सगळं सांगितलं. चाळीस सेकंदांत.

"सोप्पं आहे," लॉरेनबाई म्हणाल्या. "दोघांना एका खोलीत बसव, मधे खाऊ ठेव आणि दार लावून घे. माझ्या वर्गात हेच करायचे मी. चावरी मुलंसुद्धा सुधारली."

"खोली कशाला?" त्यांचे यजमान व्हर्जिल गराजमधून ओरडले. "खोलीतून माणूस उठून जातो. पोरी, माझ्या मासे धरायच्या खोपटात ने त्यांना. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध आहे. चार भिंती, एक शेगडी, बाहेर दोन मैल बर्फ. रुसून जातील कुठे?"

बाईंना ही कल्पना एकदम पटली. विशेषतः वेळ वाचण्याच्या दृष्टीनं. "वीस मिनिटं पुरतील मला," त्या म्हणाल्या.

"वीस मिनिटांत मासासुद्धा येत नाही," व्हर्जिल म्हणाले.

गुरुवारी दुपारी एक वाजता व्हर्जिलनी तिघांना आपल्या गाडीतून तळ्यावर सोडलं. खोपट न्हाणीघराएवढं. एक बाक, एक बादली, एक पेटलेली शेगडी, आणि जमिनीत, म्हणजे बर्फात, ताटलीएवढी दोन भोकं, खाली काळं पाणी. लॉरेनबाईंनी लिंबाच्या वड्यांचा डबा दिला होता. "मी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलोच," म्हणून व्हर्जिल गेले. बाईंनी फोनवर वीस मिनिटांचा गजर लावला, फोन गुडघ्यावर ठेवला आणि सुरुवात केली.

"तर, प्रत्येकी आठ मिनिटं. मग चार मिनिटं समेट. अर्विड, आधी तुम्ही."

"नाही, मॅरिबेलला बोलू द्या आधी," अर्विड म्हणाला.

"मला काही बोलायचं नाही," मॅरिबेल म्हणाली. "बोलणं बंद मी केलं नाही."

अर्विड एका भोकाकडे पाहत होता, मॅरिबेल दुसऱ्याकडे. बाई फोनकडे पाहत होत्या. वीस मिनिटं झाली, गजर झाला, फोन गुडघ्यावर थरथरत घसरला, बादलीच्या कडेवर आपटला आणि अलगद डावीकडच्या भोकात गेला. 'डुबुक' असा अगदी लहानसा आवाज आला.

तिघांनी वाकून पाहिलं. काळ्या पाण्यात एक उजेड खाली खाली जात होता आणि गजर अजून वाजत असावा.

"चाळीस फूट आहे इथे," अर्विड हळहळून म्हणाला. "पण बरं झालं, यापेक्षा वाईटही होऊ शकलं असतं."

बाईंना रडू येईल असं वाटलं. त्या फोनमध्ये त्यांचं घड्याळ होतं, उद्याच्या सात बैठका होत्या, व्हर्जिलचा नंबर होता. बाहेर उणे वीस आणि दोन मैल. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापाशी करण्यासारखं काहीही नव्हतं. त्या बसल्या. नाइलाजानं समोर पाहू लागल्या, आणि समोर माणसं होती.

वड्या एकेक करून संपत होत्या. शेवटची उरली. आता इथल्या रीतीप्रमाणे शेवटची वडी कोणी खात नाही. कोणीतरी तिचा अर्धा भाग कापून घेतो, दुसरा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि शेवटी डब्यात नुसता चुरा उरतो, तो डब्याची मालकीण घरी नेऊन टाकते. मॅरिबेलनं डबा पुढे केला.

"हवी?"

"नको नको, तू घे," अर्विड म्हणाला.

"बरं," म्हणून मॅरिबेलनं अख्खी वडी तोंडात टाकली.

अर्विडचा चेहरा बाईंनी पाहिला. एरवी त्या तेव्हा फोन पाहत असत्या. तो चेहरा त्यांनी पूर्वी कुठेतरी पाहिला होता, घाईघाईनं, यादीच्या कडेवरून. आणि एकदम त्यांना ऑक्टोबर आठवला. 'अर्विड, तुमची निवड?' 'राहू दे, आधी बाकीच्यांना घेऊ द्या.' 'छान! पुढचा?' जुन्या चालकांनी तळ्याकाठचा रस्ता सोडून बाकीचे घेतले, आणि यादी खाली मॅरिबेलपर्यंत आली. तिनं तळ्याकाठचा मागितला, कारण तो सपाट होता, आणि अर्विडला शेवटी उरलेला चढउतारांचा रस्ता मिळाला. अर्विड गेली एकोणीस वर्षं दर ऑक्टोबरात 'आधी बाकीच्यांना' म्हणत असे, साहेब 'छे, तुम्हीच' म्हणत, तो परत 'नको' म्हणे, साहेब तिसऱ्यांदा विचारत, आणि मग अर्विड तळ्याकाठचा रस्ता घेई. बाईंनी एकदाच विचारलं होतं. तेवढ्यावर त्यांनी सभा नऊ मिनिटांत बसवली होती. आणि टाळ्या घेतल्या होत्या. त्या गारठ्यात त्यांचे कान शरमेनं तापले.

"अर्विड," त्या म्हणाल्या, "तळ्याकाठचा रस्ता तुम्हाला हवा होता का?"

"छे, तसं काही नाही."

बाईंच्या जिभेवर 'छान!' आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "हवा होता का?"

"मॅरिबेलनं रीतसर घेतलाय तो. चांगली चालवते ती."

मॅरिबेलनं मान वर केली. बाई थांबल्या. शेगडी फुसफुसत होती. त्यांनी समोरच्या भिंतीच्या फळ्या मोजल्या, चौदा होत्या. परत मोजल्या. मग अगदी हळू विचारलं, "हवा होता ना, अर्विड?"

अर्विडनं टोपी काढली. बराच वेळ ती फिरवली. हवेबद्दल काहीतरी म्हणाला. माशांबद्दल म्हणाला. बाई बसून राहिल्या. मग तो म्हणाला, "त्या रस्त्याच्या शेवटी ते निवास आहे ना, विसरभोळ्या म्हाताऱ्यांचं. आमची ऑर्डिस दोन वर्षं तिथे आहे. संध्याकाळी मी जातो तर मला टीव्ही दुरुस्त करणारा समजते. चांगली बोलते, तक्रार नाही. पण पहाटे माझ्या गाडीचा पिवळा दिवा दिसला की खिडकीत येऊन हात हलवायची. घरी होती तेव्हा तीस वर्षं स्वयंपाकघरातून हलवायची ना, तसाच. तेवढं एक राहिलं होतं." त्यानं टोपीची कड दुमडली. "आता कोणाचीही गाडी आली तरी हलवत असेल. दिव्यालाच ओळखते ती."

मॅरिबेल उठून उभी राहिली. खोपटात उभं राहायला जागा नव्हती, तिचं डोकं छताला लागलं. "गुलाबी स्वेटरवाल्या? त्या तुमच्या बायको? अहो, मग हे मला नोव्हेंबरात सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलं नाहीस," अर्विड म्हणाला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "म्हणजे एकदाच विचारलंस."

"ऐका माझं. त्या येतात खिडकीत, हात हलवतात. मी दिवा लुकलुकवते. मग त्या काचेला नाक लावून गाडीत वाकून बघतात. आणि मला बघितलं की हात खाली घेतात आणि आत निघून जातात. रोज! मला वाटायचं, ह्या म्हातारीलासुद्धा मी आवडत नाही. दिव्याला नाही ओळखत त्या. शोधतात कोणालातरी."

अर्विडनं टोपी तोंडावर धरली. त्याचे खांदे हलत होते. बाईंना सांत्वनाची तीन तयार वाक्यं सुचली. त्यांनी एकही म्हटलं नाही.

"रस्ता परत घ्या," मॅरिबेल म्हणाली.

"नको नको," टोपीच्या आतून उत्तर आलं.

मॅरिबेल उसळणार, तेवढ्यात बाईंनी तिच्या बुटावर बूट दाबला. "अजून दोनदा विचार."

"काय माणसं आहात हो तुम्ही! बरं. अर्विड, घ्या ना रस्ता."

"तुला उगाच चढउतारांचा त्रास."

"अर्विड. घेता की तुमच्या टोपीसकट भोकात घालू?"

"आता तू एवढं म्हणतेच आहेस तर," अर्विड म्हणाला.

व्हर्जिल सव्वाचारला आले. डॉक्टर बोलत बसले होते म्हणाले.

शुक्रवारी शेवटचा अडसर उरला होता. रस्त्यांची अदलाबदल फक्त ऑक्टोबरात होते. एरवी करायची तर वाद मिटवण्याचा उपाय म्हणूनच, अर्ज क्रमांक चौदा जोडून. अर्विड आणि मॅरिबेलनं 'आमच्यात वाद आहे' याखाली अत्यंत आनंदानं सह्या केल्या.

"पण वाद तर मिटलेला दिसतोय," कॉर्डेल अर्ज न्याहाळत म्हणाले. "मिटलेल्या वादाला हा अर्ज चालत नाही."

जुन्या जनेलबाई असत्या तर टेबल दणाणलं असतं. या बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. कॉर्डेल घाबरले. त्यांच्यासमोर खातेप्रमुख आजवर कधी बसला नव्हता. "तुम्हाला यात काय अडचण वाटते, सांगा मला," बाई म्हणाल्या. "नाही, तशी काही नाही," कॉर्डेल म्हणाले. बाईंनी परत विचारलं. आणि परत. मग कॉर्डेलनी सांगितलं. तळघरात हलवलेल्या त्यांच्या कचेरीबद्दल, कोणी न वाचणाऱ्या त्यांच्या अहवालांबद्दल आणि त्यांच्या गुडघ्याबद्दल. पन्नास मिनिटं झाली. शेवटी डोळे पुसून त्यांनी शिक्का मारला. अर्विडनं आपली चिठ्ठी परत घेतली. कारण, काही विशेष नाही.

शनिवारी वादळ आलं, सांगितलं होतं त्याहून मोठं. पहाटे साडेपाचला बाई कचेरीत रेडिओसमोर होत्या. खरखर झाली.

"निवासापाशी आलो," अर्विडचा आवाज आला. "रस्ता झाला."

त्यांचं बोट बटणावर होतं. 'छान, आता चढ' एवढं म्हणायचं होतं. त्यांनी बोट उचललं. रेडिओ खरखरत राहिला. बराच वेळ.

"हात हलवला तिनं," अर्विड म्हणाला. मग नुसती खरखर. मग, "वाकून बघितलं." परत खरखर. "आज आत गेली नाही. अजून उभी आहे."

"मग थांबा की तिथे जरा," त्या म्हणाल्या.

"नको नको. चढ राहिलाय."

"थांबा, अर्विड."

"वादळाच्या दिवशी बरं दिसत नाही ते."

"मी चढाखाली उभी आहे," मॅरिबेल रेडिओवर मधेच म्हणाली. "थर्मासात कॉफी आहे. मला घाई नाही. बॉस, तिसऱ्यांदा तुम्ही विचारा, मी कंटाळले."

"अर्विड," बाई म्हणाल्या, "थांबता का?"

"आता तुम्ही दोघी म्हणताच आहात तर," अर्विड म्हणाला.

त्याची गाडी तिथे नऊ मिनिटं उभी होती. बाईंनी बसून मोजली.